इराकची 'गायब' अस्त्रं: ताळेबंदातला घोळ नेमका कुठे झाला?

फायलींचा ढीग (धागाकर्ता)

२००३ च्या इराक युद्धाचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत 'बुश खोटं बोलला' नाहीतर 'सगळं तेलासाठी' इथे येऊन थांबते. त्यावर जुने धागे ढिगाने आहेत, तिकडे जावं. इथे फक्त कागद. कोणता आकडा कुठून आला, कुणी तपासला, आणि 'हिशेब लागत नाही' या शेऱ्याचं 'माल आहे' कधी झालं, एवढंच.

सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ३ एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ पासून. कुवेतमध्ये हरल्यावर इराकवर अट पडली: रासायनिक नि जैविक अस्त्रं, अण्वस्त्रांचा कार्यक्रम आणि १५० किलोमीटरच्या पुढे जाणारी क्षेपणास्त्रं जाहीर करा आणि आमच्या देखरेखीखाली नष्ट करा. अणूचं खातं आयएईए या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे, बाकीचं 'अनस्कॉम' नावाच्या नव्या आयोगाकडे.

तपासणीची रीत स्टॉक रजिस्टरची. एका बाजूला आवक, म्हणजे आयात अधिक उत्पादन. दुसऱ्या बाजूला इराण युद्धात वापरलेलं, वाया गेलेलं, नष्ट केलेलं आणि हातातली शिल्लक. प्रत्येक ओळीला आधार हवा: परदेशी पुरवठादारांची बिलं, बँकांची लेटर ऑफ क्रेडिट, कारखान्याची लॉगबुकं, खड्ड्यातले तुकडे, मातीचे नमुने, कामावरच्या माणसांच्या जबान्या. बाजू जुळल्या नाहीत तर मधला फरक 'अनिर्णित' म्हणून उभा राहतो.

आता इराकनं काय करावं? १९९१ च्या उन्हाळ्यात बराच माल स्वतःच गुपचूप फोडला, ओतला, पुरला. पंचनामा नाही, साक्षीदार नाही, नोंद नाही. तसं केल्याचं मार्च १९९२ मध्ये सांगितलं. पुढच्या ११ वर्षांतलं जवळजवळ प्रत्येक भांडण या एका उन्हाळ्यावर येऊन पोचतं.

---

रसायनी

धागा वाचनखूण म्हणून साठवला. रासायनिक खात्याचे आकडे टाकतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत होणार नाही.

इराकनं स्वतः जाहीर केलेलं एकूण उत्पादन ३,८५९ टन. त्यात सर्वांत मोठा वाटा मस्टर्डचा (कातडी भाजणारं रसायन), मग मज्जासंस्थेवर घाला घालणारी रसायनं: सारिन, मग टाबुन, आणि व्हीएक्स ३.९ टन. अनस्कॉमच्या डोळ्यांसमोर नष्ट झालं ते ६९० टन रसायन, ३८,००० हून जास्त भरलेले नि रिकामे बॉम्ब-गोळे, आणि ३,००० टनांवर कच्चा माल. म्हणजे तपासनीस नुसते हॉटेलात बसून होते हा समज काढून टाका. पहिल्या आखाती युद्धातल्या बॉम्बफेकीपेक्षा जास्त अस्त्रं या लोकांनी संपवली.

आता 'गायब' खात्यातली सर्वांत मोठी रक्कम पाहा: १,००० टन. हा आकडा युद्धाआधी सगळीकडे फिरत होता. तो कसा आला? १९९८ मध्ये एका महिला तपासनीसाला इराकी हवाई दलाच्या मुख्यालयातल्या तिजोरीत एक कागद सापडला. इराकी अधिकाऱ्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. चार वर्षांनी, पुन्हा तपासणी सुरू झाल्यावर, तोच कागद अनमोविककडे दिला. (अनमोविक म्हणजे अनस्कॉमच्या जागी डिसेंबर १९९९ मध्ये आलेली संस्था, प्रमुख हान्स ब्लिक्स.) त्यात लिहिलेलं होतं की १९८३ ते १९८८ मध्ये हवाई दलानं १३,००० रासायनिक बॉम्ब टाकले. इराकनं आधी जाहीर केलेला वापर होता १९,५००. फरक ६,५०० बॉम्बांचा. एका बॉम्बमध्ये सरासरी किती रसायन मावतं ते धरून गुणाकार केला की अंदाजे १,००० टन.

म्हणजे हे १,००० टन कुणी पाहिले नव्हते, मोजले नव्हते. ती दोन जुन्या कागदांमधली वजाबाकी होती. आठ वर्षं चाललेल्या युद्धात कुठल्या स्क्वाड्रननं कधी किती बॉम्ब टाकले याच्या नोंदी नीट नसणं ही जगातल्या कुठल्याही लष्करात घडणारी गोष्ट आहे.

---

तिरकस

मांडणी चांगली आहे, पण एकतर्फी होतेय. दुसरी बाजू मांडतो.

१९९१ साली काय झालं होतं? कुवेत युद्धाआधी आयएईए इराकला नियमित भेट देत होती आणि सगळं ठीक असल्याचं सांगत होती. युद्धानंतर तपासनीस आत गेले तर युरेनियम समृद्धीचा (बॉम्बला लागतं तसं युरेनियम बनवण्याचा) अख्खा गुप्त उद्योग सापडला. विद्युतचुंबकीय पद्धतीची अवजड यंत्रं ट्रकांवर लादून पळवताना फलुजाजवळ तपासनीसांनी फोटो काढले, तर इराकींनी हवेत गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ४४ तपासनीसांना अणुकार्यक्रमाच्या कागदांसकट बगदादच्या पार्किंगमध्ये चार दिवस अडकवून ठेवलं. जैविक कार्यक्रम तर इराकनं चार वर्षं साफ नाकारला आणि जुलै १९९५ मध्ये, अगदी गळ्याशी आल्यावर, कबूल केला.

असा देश २००२ साली 'आमच्याकडे काही नाही' म्हणाला तर विश्वास कोण ठेवणार? युद्धाला विरोध करणाऱ्या फ्रान्स-जर्मनीच्या गुप्तचरांनाही थोडंफार काही शिल्लक असेल असंच वाटत होतं. एकदा कमी धरून फसलेला विश्लेषक पुढच्या वेळी जास्तच धरतो.

---

फायलींचा ढीग

@तिरकस, संशयाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण संशय आला म्हणून अजून तपासणी करायची की आकडाच बदलून लिहायचा, हा वेगळा प्रश्न.

जैविक खात्याचं उदाहरण घ्या, कारण तिथला घोळ सर्वांत बोलका आहे. इराकचा दावा: ८,५०० लिटर अँथ्रॅक्स (जीवघेण्या रोगाचे जंतू) बनवला, १९९१ मध्ये नष्ट केला. ब्लिक्स यांनी २७ जानेवारी २००३ ला सुरक्षा परिषदेत सांगितलं की या दोन्ही गोष्टींना पटेल असा पुरावा नाही. शिवाय जंतू वाढवायच्या खाद्यमाध्यमाची ६५० किलो आयात ७ डिसेंबर २००२ च्या त्या १२,००० पानी जाहीरनाम्यातून गळली होती. तेवढ्या मालात साधारण ५,००० लिटर संहत अँथ्रॅक्स होऊ शकतो. गंमत म्हणजे फेब्रुवारी १९९९ मध्ये दिलेल्या याच कागदपत्रांत त्या आयातीचा तक्ता होता. डिसेंबरच्या प्रतीत तो नाही, आणि पानांना नव्याने क्रमांक घातलेले. नजरचूक असती तर मधला क्रमांक तुटलेला दिसला असता. ब्लिक्स यांनी हेही परिषदेला सांगितलं.

म्हणजे इराकचं वागणं संशयास्पद होतंच. पण त्याचं कारण? युद्धानंतर जैविक कार्यक्रमाच्या प्रमुख रिहाब ताहा यांनी जे सांगितलं ते असं: १९९१ मध्ये अँथ्रॅक्सचा एक साठा निष्प्रभ करून बगदादजवळ रद्वानिया इथे ओतला, आणि ती जागा नेमकी सद्दामच्या राजवाड्याच्या दाराशी निघाली. साहेबांच्या अंगणात अँथ्रॅक्स ओतला हे सांगायची हिंमत कुणाची? त्यापेक्षा हिशेब न जुळलेला बरा.

वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या विश्लेषकाच्या चौकटीत 'वरिष्ठाच्या भीतीनं दडवलं' हा रकानाच नव्हता. दडवलं म्हणजे माल आहे, एवढाच रकाना.

---

खडीसाखर

वाचतेय. एक शंका. सद्दामचा जावई पळून गेला होता ना, त्यानं सगळं सांगितलं असं वाचल्याचं आठवतंय. मग तरीही?

---

फायलींचा ढीग

@खडीसाखर, हुसेन कामेल. शस्त्रकार्यक्रमांचा सर्वेसर्वा. ऑगस्ट १९९५ मध्ये जॉर्डनला पळाला. तिथे अनस्कॉमचे प्रमुख रोल्फ एकेयुस यांनी त्याची जबानी घेतली. त्यात त्यानं दोन गोष्टी सांगितल्या: आम्ही किती दडवलं होतं, आणि ते सगळं माझ्याच हुकमावरून नष्ट झालं.

तो पळाल्यावर इराकनं घाईघाईनं तपासनीसांना त्याच्या कोंबड्यांच्या फार्मवर नेलं आणि तिथे पेट्यांवर पेट्या भरून कागद 'सापडले'. म्हणे यानंच आमच्यापासून लपवले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये तो माफीच्या भरवशावर बगदादला परतला आणि मारला गेला.

ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष चेनी यांनी आपल्या भाषणात कामेलचा दाखला दिला. पण पहिल्या अर्ध्या जबानीचा. उरलेला अर्धा, म्हणजे 'सगळं नष्ट केलं', लोकांसमोर आला तो फेब्रुवारी २००३ च्या अखेरीस, युद्ध तोंडावर आल्यावर.

---

निळी शाई

अणूच्या बाजूला येऊ या. इथे रसायनासारखा 'हिशेब लागत नाही' प्रकारच नव्हता. अणुखातं आयएईएनं १९९८ पर्यंत जवळपास मिटवलेलं होतं. त्यामुळे नवा पुरावा लागणार होता, आणि तो आला अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या रूपात.

मालाचं वर्णन: मिश्रधातू ७०७५-टी६, बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंतीची जाडी ३.३ मिलिमीटर. इराकची मागणी ६०,००० नळ्यांची. एक खेप २००१ मध्ये जॉर्डनमध्ये अडवली. सीआयएचं म्हणणं: इतक्या भारी प्रतीचं, इतक्या काटेकोर मापाचं अॅल्युमिनियम म्हणजे युरेनियम समृद्धीच्या सेंट्रिफ्यूजचे (प्रचंड वेगानं फिरणाऱ्या यंत्रांचे) फिरते भाग.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातले सेंट्रिफ्यूजतज्ज्ञ, ज्यांचं आयुष्य या यंत्रांत गेलं, ते नाही म्हणाले. कारणं अगदी वर्कशॉपमधली:

एक, भिंत फार जाड. ज्या झिप्पे पद्धतीच्या यंत्राशी तुलना चालली होती त्याच्या रोटरची जाडी १.१ मिलिमीटरच्या आसपास. जाड भिंत म्हणजे जास्त वजन, वेगाला अडथळा.

दोन, इराकनं नळ्यांवर अॅनोडाइजिंग (गंजरोधक थर) मागितलं होतं. सेंट्रिफ्यूजसाठी तो थर उलट खरवडून काढावा लागला असता. मग मागितला कशाला? आधीच्या नळ्या उघड्यावर ठेवून गंजल्या होत्या म्हणून.

तीन, ही मापं इराककडे आधीपासून असलेल्या ८१ मिलिमीटरच्या नासर रॉकेटशी तंतोतंत जुळतात. ते रॉकेट मुळात इटलीच्या मेदुसा रॉकेटची नक्कल. धातूही तोच.

चार, 'रॉकेटला एवढी काटेकोर मापं कोण मागतं?' या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्याच भांडारात होतं. त्यांचं मार्क-६६ रॉकेट याच मिश्रधातूचं आणि मापांचा काटेकोरपणाही तसाच. इराकी अभियंते चाचणीत रॉकेट भरकटलं की नळीची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणखी आवळत बसले होते. सरकारी कामात दोष सापडला नाही की स्पेसिफिकेशन घट्ट करायचं, ही पद्धत सार्वत्रिक आहे.

मग तज्ज्ञ हरले कसे? १ ऑक्टोबर २००२ चा अमेरिकेचा राष्ट्रीय गुप्तचर अंदाज जेमतेम तीन आठवड्यांत उरकला. प्रत्येक संस्थेचं एकेक मत. ऊर्जा खात्यानं नळ्यांवर असहमती नोंदवली, पण कार्यक्रम पुन्हा सुरू झालाय या मोठ्या निष्कर्षाला इतर कारणांवरून मान डोलावली. त्यामुळे त्यांच्या विरोधाची धारच गेली. परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागानं दोन्ही मुद्द्यांवर स्पष्ट 'नाही' लिहिलं. ते असहमती म्हणून छापलं गेलं, पण वर पोचला तो बहुमताचा निष्कर्ष.

७ मार्च २००३ ला आयएईएचे अल्बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की या नळ्या रॉकेटसोडून कशासाठी होत्या याचा पुरावा मिळालेला नाही. युद्धाला १३ दिवस होते.

---

खडीसाखर

नळ्यांबद्दल इतकं नेमकं प्रथमच वाचलं. नायजरचं युरेनियम पण याच दिवशी उघड झालं ना?

---

निळी शाई

हो, त्याच निवेदनात. इराक नायजरकडून वर्षाला ५०० टन यलोकेक (युरेनियमचा कच्चा माल) घेणार असल्याचा करार, अशी कागदपत्रं. ती ऑक्टोबर २००२ मध्ये रोममधल्या अमेरिकी वकिलातीत एका इटालियन पत्रकारामार्फत आली. आयएईए मागत राहिली, हातात पडली ४ फेब्रुवारी २००३ ला. बुश यांच्या २८ जानेवारीच्या भाषणात आफ्रिकेतल्या युरेनियमचं ते वाक्य येऊन गेलेलं होतं.

बनावट ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही. ऑक्टोबर २००० च्या एका पत्रावर सही ज्या परराष्ट्रमंत्र्याची, तो १९८९ लाच पदावरून गेलेला. दुसऱ्या पत्रात राष्ट्राध्यक्ष १९६५ च्या राज्यघटनेचा हवाला देतात, आणि नायजरची तेव्हा चालू असलेली घटना १९९९ ची. इंटरनेटवर शोधून पडताळता येण्यासारखं होतं आणि आयएईएनं सुरुवात तशीच केली.

पण मला त्याहून ठळक वाटतं ते व्यवहाराचं गणित. नायजरच्या खाणी तेव्हा फ्रेंच नेतृत्वाखालच्या परदेशी कंपन्यांच्या ताब्यात. तिथून ५०० टन गुपचूप काढायचे, पिंपात भरायचे, वाळवंट ओलांडून बंदरावर आणायचे, आणि कुणाला पत्ता नाही? शिवाय इराकच्या तुवैथा केंद्रात ५५० टन यलोकेक आधीच पडून होता, आयएईएच्या सीलखाली. तो २००८ मध्ये एका कॅनेडियन कंपनीला विकला. ज्याच्याकडे कच्चा माल आहे पण समृद्धीची यंत्रं नाहीत, त्याला आणखी कच्चा माल कशाला हवा?

---

उंबरठा

कर्व्हबॉलवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१९९९ मध्ये जर्मनीत आश्रय मागणारा एक इराकी रसायन अभियंता. अमेरिकी गुप्तचरांनी त्याला 'कर्व्हबॉल' नाव दिलेलं. ट्रकांवर बसवलेल्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची हकिगत त्याची. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत जी चित्रं दाखवली ती या माणसाच्या वर्णनावरून काढलेली. फोटो नव्हते, रेखाटनं होती, हे तेव्हा किती जणांच्या लक्षात आलं कोण जाणे.

साखळीत काय बिघडलं ते बघा. जर्मनांनी अमेरिकनांना त्याला थेट भेटू दिलं नाही. अमेरिकेच्या बाजूनं युद्धाआधी त्याला प्रत्यक्ष भेटला तो एक संरक्षण खात्याचा डॉक्टर, मे २००० मध्ये, आणि त्याला तो विश्वासू वाटला नाही. सांगितलेलं जर्मनमध्ये लिहिलं जायचं, तिथून इंग्रजीत, तिथून शंभराच्या आसपास अहवाल. एकाच माणसाचे इतके अहवाल एकाच पाकिटातून आले की वाचणाऱ्याला ते ढीगभर पुरावे वाटतात.

पॉवेल यांनी चार स्रोत सांगितले. त्यातल्या एकावर, इराकी विरोधकांच्या गोटातून आलेल्या मेजरवर, मे २००२ मध्येच 'बनवाबनवी करतो' असा शेरा पडलेला होता. तो शेरा ज्या यंत्रणेत होता ती आणि भाषण लिहिणारी टेबलं यांचा मेळच बसला नाही.

आणि सर्वांत साधी तपासणी: कर्व्हबॉलनं सांगितलं होतं की बगदादच्या आग्नेयेला जर्फ अल-नद्दाफ इथल्या गोदामात ट्रक एका टोकानं आत जातात, दुसऱ्या टोकानं बाहेर येतात. ८ फेब्रुवारीला, भाषणानंतर तीन दिवसांनी, अनमोविकचं पथक तिथे पोचलं. जिथून ट्रक जायचे म्हणे, तिथे पक्की भिंत. गोदाम बियाण्यांचं. नमुन्यांत काही निघालं नाही.

कर्व्हबॉलनं २०११ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितलं की आपण सगळं रचलं होतं.

---

तिरकस

हे सगळं 'आता दिसतंय' म्हणून सोपं वाटतं. डिसेंबर १९९८ मध्ये तपासनीस बाहेर पडले, लगेच चार दिवस बॉम्बफेक झाली, आणि पुढची चार वर्षं इराकमध्ये एकही तपासनीस नव्हता. अनस्कॉममध्ये अमेरिकी हेरगिरी मिसळल्याच्या बातम्या आल्यानं इराकला आयती सबब मिळाली. चार वर्षं अंधारात असल्यावर अंदाजच करावा लागतो.

---

फायलींचा ढीग

बरोबर, १९९८ ते २००२ अंधारच होता. पण २७ नोव्हेंबर २००२ ला दिवे लागले आणि त्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं. माझा आक्षेप तिथे आहे.

तपासणी पुन्हा सुरू करायचा सुरक्षा परिषदेचा ठराव १४४१, ८ नोव्हेंबर २००२, १५ विरुद्ध ०. सीरियासुद्धा बाजूनं. अनमोविकची रचना अनस्कॉमच्या चुकांवरून सुधारलेली: तपासनीस सरकारांकडून उसने नाहीत, संयुक्त राष्ट्रांच्या पगारावर. गुप्त माहिती आत येईल, बाहेर जाणार नाही. पूर्वसूचना नाही. साडेतीन महिन्यांत ७३१ तपासण्या, ४११ ठिकाणं, त्यातली ८८ पूर्वी कधीच न पाहिलेली. नमुने बगदादमधल्या स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासले. निकाल इराकच्या निवेदनाशी जुळणारे.

काय सापडलं? उखैदर इथे १६ जानेवारीला १२२ मिलिमीटर रॉकेटांची रासायनिक टोकं (वॉरहेड), डझनभर, रिकामी. थोडं मस्टर्ड, जे इराकनं आधीच जाहीर केलं होतं. पंखांचा पसारा ७.४५ मीटर असलेलं एक वैमानिकरहित विमान. आणि अल-समूद २ क्षेपणास्त्रं: चाचणीत १८३ किलोमीटरपर्यंत गेलेली, मर्यादा १५० किलोमीटरची; व्यास ६०० ऐवजी ७६० मिलिमीटर. ब्लिक्स यांनी मोडायला सांगितली, इराकनं १ मार्चपासून बुलडोझरखाली घालायला सुरुवात केली. ७ मार्चपर्यंत ३४, युद्धाआधी ७० च्या वर. तीही युद्ध समोर दिसत असताना.

त्याच ७ मार्चला ब्लिक्स म्हणाले की उरलेली निःशस्त्रीकरणाची कामं संपवायला वर्षं नकोत, आठवडे पुरणार नाहीत, महिने लागतील. अल-अझिझिया इथल्या खड्ड्यांतून आर-४०० जातीचे आठ अख्खे बॉम्ब निघाले होते, त्यातले दोन द्रवानं भरलेले. म्हणजे 'आम्ही इथे पुरले' हे इराकचं म्हणणं फावड्यानं तपासता येत होतं, आणि तपासलं जात होतं.

ब्लिक्स यांचं १४ फेब्रुवारीचं निवेदन मी या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक मानतो. हिशेब लागला नाही म्हणून माल आहेच असं समजू नका, पण नाहीच असंही धरू नका. राजकारण्यांना यातलं पहिलं अर्धं ऐकूच आलं नाही.

---

रसायनी

ब्रिटिश बाजूचे दोन नमुने.

ब्रिटिश सरकारच्या २४ सप्टेंबर २००२ च्या पुस्तिकेत इराकी अस्त्रांची '४५ मिनिटांत' तैनाती. मूळ माहिती रणांगणावरच्या तोफगोळ्यांसारख्या छोट्या पल्ल्याच्या अस्त्रांबद्दल, तीही ऐकीव. पुस्तिकेत तो संदर्भ गळाला आणि दुसऱ्या दिवशी पेपरांत सायप्रसवरचे ब्रिटिश तळ ४५ मिनिटांच्या अंतरावर आले.

दुसरा नमुना चिलकॉट अहवालातला (ब्रिटनची इराक युद्धाची चौकशी, जुलै २०१६, २६ लाख शब्द, कुणी अख्खा वाचलाय त्याला साष्टांग). एमआय६ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेच्या एका नव्या स्रोतानं सांगितलं की इराक विषारी वायू काचेच्या पोकळ गोळ्यांमध्ये भरतो. मग कुणीतरी दाखवून दिलं की असल्या अस्त्रांत काच सहसा वापरत नाहीत, पण एका गाजलेल्या हॉलिवुडपटात मात्र नेमकं असंच दाखवलंय. रासायनिक गोळा तोफेतून सुटताना जो झटका बसतो, त्यात काचेचं काय होईल हे बारावी भौतिकशास्त्रवाल्यानं सांगितलं असतं. हा अहवाल तोवर वरपर्यंत गेलेला होता.

---

उंबरठा

थोडं अवांतर, आपल्याकडचं. ८ एप्रिल २००३ ला लोकसभेनं या युद्धाच्या निषेधाचा ठराव एकमतानं केला, सैन्य मागे घेण्याची मागणीही त्यात होती. सभापतींच्या खुर्चीत तेव्हा आपले मनोहर जोशी. त्यानंतर अमेरिकेनं इराकमध्ये भारतीय सैन्य मागितलं. १४ जुलैला वाजपेयी सरकारनं नकार दिला, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर बघू म्हणाले. तोवर शोधपथकांच्या हाती काही लागलेलं नव्हतं, हे तो निर्णय घेताना सोयीचंच ठरलं असणार. (हा माझा तर्क.)

---

घोडेगावकर नाही

अहो, पण इराकमध्ये रासायनिक गोळे सापडलेत! २००४ ते २०११ मध्ये ५,००० च्या आसपास. अमेरिकी सैनिक त्यानं भाजलेत. मग 'काहीच नव्हतं' हे तरी खरं कसं?

---

रसायनी

चांगला प्रश्न, आणि यावर दोन्ही बाजू गोंधळ घालतात.

गोळे सापडले हे खरं. सैनिक जखमी झाले, ही माहिती बराच काळ दाबली गेली, तेही खरं. मे २००४ मध्ये रस्त्यावरच्या घातपाती बॉम्बमध्ये १५२ मिलिमीटरचा सारिन गोळा निघाला. लावणाऱ्याला तो रासायनिक आहे हे ठाऊक नसावं, साधा गोळा समजून वापरला.

पण सगळे १९९१ पूर्वीचे. इराण युद्धातले, गंजलेले, चिन्हं पुसलेली, दारूगोळ्याच्या डोंगरात हरवलेले. युद्धाचं कारण होतं चालू उत्पादन आणि वापरायला तयार साठा. तो नव्हता. युद्धानंतर अस्त्रं शोधायला नेमलेल्या १,४०० माणसांच्या इराक सर्व्हे ग्रुपनं दीड वर्षं शोधलं. पहिले प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये पद सोडलं आणि सिनेटसमोर आपण जवळजवळ सगळेच चुकलो असं सांगितलं. हे तेच के, १९९१ मध्ये बगदादच्या पार्किंगमध्ये अडकवलेल्या तपासनीसांमधले. त्यांच्या जागी आलेल्या ड्यूलफर यांच्या २००४ च्या अहवालाचा निष्कर्ष: रासायनिक साठा १९९१ मध्ये संपला, अणुकार्यक्रम त्याच वर्षी थांबला, जैविक कार्यक्रम १९९५-९६ मध्ये सोडला. निर्बंध उठल्यावर पुन्हा सुरू करायची सद्दामची इच्छा होती, हेही त्यातच आहे. @तिरकस, हा मुद्दा तुमच्या बाजूचा, घ्या.

जुना माल किती धोकादायक? रसायनावर अवलंबून. इराकी सारिन मुळातच अशुद्ध, ते काही महिन्यांत ते दोनेक वर्षांत उतरत जातं. मस्टर्डचं तसं नाही. अनस्कॉमनं १९९८ मध्ये तपासलेल्या गोळ्यांत सात वर्षांनंतरही शुद्धता ९४ ते ९७ टक्के होती. त्यामुळे 'जुनं म्हणजे निरुपद्रवी' हे सैनिकांना सांगणाऱ्यांनी त्यांचा घातच केला.

---

तिरकस

घेतला. पण मग सद्दामनं सरळ दारं का नाही उघडली? एवढाच प्रश्न राहतो.

---

निळी शाई

पकडल्यावर २००४ मध्ये एफबीआयच्या जॉर्ज पिरो यांनी त्याची महिनोन्महिने चौकशी केली. त्यात त्यानं कारण दिलं इराणचं. आपण नागडे झालोत हे तेहरानला कळू नये. अमेरिकेला पटवायचं की नाहीत, इराणला वाटू द्यायचं की असतील, हे दोन्ही एकाच वेळी साधायचं होतं. महत्त्वाचा प्रेक्षक कोण हेच चुकीचं निवडलं.

---

खडीसाखर

शेवटचा प्रश्न. त्या कारखान्याचं काय झालं पुढे? जिथे हे सगळं बनायचं?

---

रसायनी

मुथन्ना, समाराजवळ. अनस्कॉमनं नष्ट करण्याचं काम तिथेच केलं आणि जे हलवणं धोक्याचं होतं ते दोन बंकरांमध्ये सील केलं. बंकर १३ मध्ये सुमारे २,५०० सारिन रॉकेटं, ज्यावर १९९१ मध्येच बॉम्ब पडला होता, त्यामुळे आत जाऊन मोजणंच अशक्य. बंकर ४१ मध्ये मस्टर्डनं माखलेले रिकामे गोळे, टनाटनाची पिंपं, बांधकामाचा राडारोडा.

युद्धानंतर सीलं तुटली, लूट झाली. इराक २००९ मध्ये रासायनिक अस्त्रबंदी करारात आला तेव्हा हे दोन्ही बंकर जाहीर करावे लागले. जून २०१४ मध्ये तो सगळा परिसर आयसिसच्या हाती गेला आणि इराकनं संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहून कळवलं की आता आमचा ताबा नाही. परत मिळाल्यावर रॉकेटं बाहेर काढायच्या भानगडीत न पडता बंकर काँक्रीट घालून कायमचे बुजवले. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या ओपीसीडब्ल्यू या संस्थेनं काम पूर्ण झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर केलं. बंकर १३ मधली रॉकेटं शेवटपर्यंत कुणी मोजली नाहीत. कागदावर आजही 'सुमारे' आहे.